संगणकाची खरेदी आणि अमेरिकन राज्यांचा विक्रीकर : एक आढावा

आपल्याकडे वेष्टनावर छापलेली कमाल किंमत सर्व करांसह असते आणि गिऱ्हाइकाला गल्ल्यापाशी गेल्यावर नवा आकडा ऐकावा लागत नाही; अमेरिकेत मात्र मांडणीवर लावलेली किंमत करावाचूनची असून कर पावती करतेवेळी तीवर चढतो, आणि त्यामुळे त्या देशात नव्याने गेलेल्या माणसाचा हिशेब पहिल्या काही खरेद्यांत हमखास चुकतो. एक हजार डॉलर किमतीचा लॅपटॉप ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात नेमक्या हजार डॉलरांना मिळतो, फिलाडेल्फियात त्याचे 1080 डॉलर होतात, ह्यूस्टनमध्ये 1082 डॉलर 50 सेंट, आणि न्यूयॉर्क शहरात 1088 डॉलर 75 सेंट. ठिकाणागणिक बदलणाऱ्या या रकमेत आणखी एक भेद दीर्घकाळ मिसळलेला होता : दुकानात जाऊन घेतलेल्या संगणकावर कर लागे, आणि टपालाने, दूरध्वनीने किंवा पुढे इंटरनेटवरून मागविलेल्या संगणकावर तो बहुधा लागत नसे. त्यावरून ऑनलाइन व्यापाराला कायद्यानेच करमाफी दिली आहे असा समज त्या देशात सर्वत्र रूढ झाला होता. वस्तुतः कर दोन्ही खरेद्यांवर सारखाच देय होता; वाद होता तो त्याची वसुली कोणी करावयाची याचा, आणि या एका प्रश्नाने अमेरिकेची न्यायालये व कायदेमंडळे पन्नास वर्षांहून अधिक काळ गुंतवून ठेवली.

अमेरिकेच्या संघशासनाचा स्वतःचा विक्रीकर नाही. तो सर्वस्वी घटक राज्यांचा विषय असून पंचेचाळीस राज्ये व राजधानीचा कोलंबिया जिल्हा तो आकारतात. अलास्का, डेलावेअर, मॉन्टॅना, न्यू हॅम्पशर आणि ऑरेगन या पाच राज्यांत राज्यव्यापी विक्रीकर नाही, जरी अलास्कात ज्यूनोसारखी नगरे आपापला स्थानिक कर बसवितात. राज्याचा मूळ दर कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त, म्हणजे 7.25 टक्के, आणि कोलोरॅडोत सर्वांत कमी, म्हणजे 2.9 टक्के आहे. परंतु नुसत्या मूळ दरावरून काही ठरविणे फसवे ठरते, कारण त्यावर काउंटी, शहर, परिवहन-जिल्हा अशा स्थानिक सत्तांचे दर चढत जातात आणि लुइझियाना किंवा टेनेसीमध्ये त्यांची सरासरी बेरीज नऊ टक्क्यांच्याही वर जाते. देशभर असे कर बसविणाऱ्या लहानमोठ्या सत्तांची संख्या दहा हजारांहून अधिक भरते, आणि त्यांपैकी प्रत्येकीला आपला दर बदलण्याची मुभा आहे.

हा कर फार जुना नाही. 1930 च्या दशकातील महामंदीत घरजमिनींवरील कराचा वसूल कोसळला, राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या, आणि शिक्षकांचे पगार व बेकारांचे साहाय्य कशातून भागवावे या विवंचनेत एकामागून एक राज्यांनी दुकानातील विक्रीवर हात टाकला. त्याबरोबरच त्यांच्या ध्यानात आले की शेजारच्या राज्यात जाऊन माल आणणाऱ्याला हा कर चुकविता येतो. म्हणून त्यांनी उपयोगकर नावाचा जोडकर काढला, ज्याअन्वये बाहेरून करावाचून आणलेली वस्तू राज्यात वापरणाऱ्याने तेवढीच रक्कम स्वतः होऊन भरावी असे ठरले. आपल्या वाचकाला गावाच्या वेशीवरील जकात आठवेल. फरक एवढाच की या जकातीला नाका नव्हता. वॉशिंग्टन राज्याच्या उपयोगकराला झालेली हरकत सर्वोच्च न्यायालयाने 1937 साली फेटाळली, आणि हा कर घटनेला धरून आहे हे तेव्हापासून निर्विवाद झाले.

निर्विवाद झाले, पण वसूल झाले नाही. मोटारीची नोंदणी सरकारी दप्तरात करावीच लागते, म्हणून मोटारीवरचा उपयोगकर तेथे पकडता येतो. पण खोक्यात बंद होऊन दारात आलेल्या संगणकाची नोंद ठेवणारे दप्तर कोणते? प्राप्तिकराच्या विवरणपत्रात एक ओळ घालून नागरिकाच्या सचोटीला आवाहन करण्याचा उपाय अनेक राज्यांनी केला आणि त्याचा वसूल नाममात्रच राहिला. तेव्हा खरा मार्ग एकच होता, आणि तो म्हणजे परराज्यातील विक्रेत्यालाच वसुलीचा मुखत्यार करणे. तेथे संविधानातील आंतरराज्य व्यापाराचे कलम आडवे आले. 1967 मध्ये नॅशनल बेलास हेस या मिसुरीतील टपालविक्रीच्या पेढीने इलिनॉय राज्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडून असा निवाडा मिळविला की ज्या विक्रेत्याचे राज्यात दुकान, वखार किंवा माणूस नाही आणि ज्याचा संबंध केवळ टपाल व मालवाहू गाड्यांपुरता आहे, त्याच्यावर करवसुलीची सक्ती करता येत नाही.

पंचवीस वर्षांनी, 1992 मध्ये, हाच प्रश्न कार्यालयीन सामान विकणाऱ्या क्विल कंपनीच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला. नॉर्थ डकोटा राज्यात या कंपनीचे सुमारे तीन हजार ग्राहक होते, वर्षाची विक्री दहा लाख डॉलरांच्या घरात होती, आणि तेथील अशा विक्रेत्यांत तिचा क्रमांक सहावा लागे. मात्र तेथे तिची इमारत नव्हती की नोकर नव्हता. काही ग्राहकांना मागणी नोंदविण्यासाठी तिने एक संगणक-प्रणाली वापरावयास दिली होती आणि ती ज्या फ्लॉपींवर होती त्या फ्लॉपी कंपनीच्या मालकीच्या राहिल्या होत्या, एवढाच काय तो तिचा त्या राज्यातील स्थावर-जंगम पसारा! न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या निकालपत्रात या फ्लॉपींचाही विचार झाला आणि तेवढ्याने पुरेसा संबंध सिद्ध होत नाही असे ठरले. प्रत्यक्ष अस्तित्वाची अट कायम राहिली. मात्र हा अडसर व्यापारविषयक कलमाचा असल्याने काँग्रेसला, म्हणजे संघशासनाच्या कायदेमंडळाला, कायदा करून तो दूर करता येईल, असेही न्यायालयाने सांगून ठेवले. काँग्रेसने तो कधीच दूर केला नाही.

या सर्व प्रकरणात संगणकाला जे विशेष स्थान प्राप्त झाले ते योगायोगाने नव्हे. पलंग किंवा कपडे पाहून, बसून, अंगाला लावून घ्यावे लागतात. संगणक हा मात्र गुणांच्या यादीवरून विकला जाणारा, महाग, आकाराने आटोपशीर आणि कोठूनही घेतला तरी तोच असणारा माल, त्यामुळे परराज्यातून मागविताना पडणाऱ्या वाहतूकखर्चापेक्षा वाचणारा कर सहज अधिक भरे. 1984 साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे एका विद्यापीठीय विद्यार्थ्याने स्थापिलेली डेल कंपनी आणि पुढे साउथ डकोटात ठाण मांडून गाईच्या ठिपक्यांच्या खोक्यांतून संगणक देशभर पाठविणारी गेटवे कंपनी या दोघींचा उत्कर्ष दलालावाचून थेट विक्री करण्याच्या पद्धतीवर झाला हे खरे. पण न आकारलेल्या कराची अदृश्य सूट त्या पद्धतीला साह्यभूत झाली नसेल असे म्हणणे धारिष्ट्याचे होईल. अर्थशास्त्रज्ञांनी हे मोजूनही पाहिले आहे. ऑस्टन गुल्सबी यांनी 2000 साली दाखविले की ज्या ठिकाणी स्थानिक विक्रीकर अधिक तेथील लोक ऑनलाइन खरेदीकडे अधिक वळतात, आणि दुकानांइतकाच कर लागू केल्यास ऑनलाइन ग्राहकांची संख्या चोवीस टक्क्यांपर्यंत घटू शकेल. ग्लेन एलिसन आणि सारा फिशर एलिसन यांनी तर संगणकात बसवावयाच्या मेमरीच्या सुट्या भागांची विक्री तपासली आणि त्यांना आढळले की, ज्या राज्यात दुकानातील खरेदीवरचा विक्रीकर अधिक, तेथून ऑनलाइन मागणीही अधिक येते.

प्रत्यक्ष अस्तित्व म्हणजे काय, यावर जे खटले झाले त्यांत डेलचे खटले मला सर्वांत उद्बोधक वाटतात. ही कंपनी आपल्या संगणकाबरोबर घरी येऊन दुरुस्ती करून देण्याचा करार विकत असे, आणि ती दुरुस्ती तिचे नोकर न करता बँकटेक नावाच्या त्रयस्थ कंपनीचे कारागीर करीत. आता टेक्सासमधील विक्रेत्याच्या वतीने न्यू मेक्सिकोतील एखाद्या घरी जो कारागीर पेचकस घेऊन गेला, तो गेला म्हणजे विक्रेताच त्या राज्यात गेला असे मानावयाचे काय? कनेटिकटच्या न्यायालयाने 2003 मध्ये तेथील करखात्याचा दावा अमान्य केला. लुइझियानाच्या अपील न्यायालयाने 2006 मध्ये आणि न्यू मेक्सिकोच्या अपील न्यायालयाने 2008 मध्ये कौल उलट दिशेने दिला. म्हणजे तीच कंपनी, तोच करार आणि त्याच कारागिरांची ये-जा असताना एका राज्यात ती उपस्थित ठरली आणि दुसऱ्यात अनुपस्थित. ज्या कसोटीतून अशी विसंगती निष्पन्न होते ती कसोटी व्यापाराच्या स्वरूपाशी सुसंगत राहिलेली नाही, हे त्याच वेळी ओळखावयास हवे होते.

इंटरनेट आले तेव्हा हा जुना पेच व्यापक झाला. 1998 मध्ये काँग्रेसने इंटरनेट-करमुक्ती कायदा केला आणि त्याच्या नावामुळेच गैरसमजाला बळ मिळाले. वस्तुतः त्या कायद्याने मनाई केली ती इंटरनेटच्या जोडणीवरील कराला आणि ऑनलाइन व्यवहाराला वेगळे काढून लावलेल्या पक्षपाती कराला, सामान्य विक्रीकराला नव्हे. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी कंपनीसाठी वॉशिंग्टन राज्य निवडले त्यामागे कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या लोकसंख्येच्या राज्यात कर गोळा करावा लागू नये हा विचार होता, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. काही जुन्या दुकानदारांनी तर आपल्याच ऑनलाइन शाखेला निराळ्या कंपनीचे रूप देऊन दुकान आणि संकेतस्थळ यांचा परस्परांशी संबंध नाही असा देखावा उभा केला. पुस्तकविक्रेत्या बॉर्डर्सचा हा देखावा 2005 मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात टिकला नाही, कारण ऑनलाइन घेतलेला माल तिची दुकाने परत घेत असत.

राज्येही स्वस्थ बसली नव्हती. न्यूयॉर्कने 2008 मध्ये असा कायदा केला की राज्यातील रहिवासी आपल्या संकेतस्थळावरून दलाली घेऊन ग्राहक पाठवीत असतील, तर ते विक्रेत्याचे तेथील हस्तकच समजावे. टेक्सासने 2010 मध्ये अर्व्हिंग येथील वखारीचा आधार घेऊन ॲमेझॉनवर 26 कोटी 90 लाख डॉलरांची आकारणी केली. कंपनीने वखार बंद केली, बोलणी झाली, आणि अखेर 2012 मध्ये नव्या वखारी व अडीच हजार नोकऱ्यांच्या हमीच्या मोबदल्यात तडजोड होऊन जुलैपासून वसुली सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात कॅलिफोर्निया त्या यादीत आले, आणि 1 एप्रिल 2017 पासून विक्रीकर असलेल्या सर्व राज्यांत ही कंपनी स्वतःच्या मालावर कर आकारू लागली. यामागे नीतीचा उदय कोणी पाहू नये. दोन दिवसांत माल पोहोचवावयाचा तर वखारी ग्राहकाजवळ हव्यात, आणि वखार आली की प्रत्यक्ष अस्तित्व आले. करमुक्ती आणि त्वरा यांपैकी कंपनीने त्वरेची निवड केली. या बदलाचा परिणाम अभ्यासणाऱ्या संशोधकांना दिसून आले की कर लागू झाल्यावर कुटुंबांची ॲमेझॉनवरील खरेदी साधारण साडेनऊ टक्क्यांनी घटली, आणि अडीचशे डॉलरांहून मोठ्या खरेद्यांत ही घट एकोणतीस टक्क्यांच्या आसपास होती. संगणक हा या दुसऱ्या वर्गात मोडतो, हे सांगावयास नकोच.

काँग्रेसने या अवधीत काय केले याची हकीकत थोडक्यात आटोपते. अनेक राज्यांनी मिळून व्याख्या व कार्यपद्धती एकसारख्या करण्याचा एक करार सिद्ध केला आणि तो 2005 मध्ये अमलात आला. चोवीस राज्ये त्यात आली, पण कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्क, फ्लॉरिडा ही मोठी राज्ये बाहेरच राहिली. 2013 च्या मे महिन्यात सेनेटने 69 विरुद्ध 27 मतांनी परराज्यातील विक्रेत्यावर वसुलीची सक्ती राज्यांना करू देणारे बाजारपेठेतील समन्यायाचे विधेयक संमत केले आणि प्रतिनिधिगृहात ते विरून गेले. कोलोरॅडोने निराळी वाट धरून, जो विक्रेता कर गोळा करीत नाही त्याने ग्राहकाला आणि सरकारला निदान खरेदीची माहिती द्यावी असा नियम 2010 मध्ये केला. त्यावरील खटल्यात 2015 साली न्यायमूर्ती केनेडी यांनी क्विलचा निर्णय पुन्हा तपासण्याची वेळ आली आहे असे मत नोंदविले, आणि ते वाचून साउथ डकोटाच्या कायदेमंडळाने हेतुपुरस्सर असा कायदा केला की ज्यावर खटला व्हावा.

साउथ डकोटात प्राप्तिकर नाही, त्यामुळे त्या राज्याचा भार विक्रीकरावर फार; आणि ज्या भूमीतून गेटवेचे संगणक एके काळी देशभर जात, त्याच भूमीने टपालविक्रीची ढाल मोडावी हा इतिहासातला एक गमतीचा फेरा म्हटला पाहिजे. 2016 च्या त्या कायद्याने ठरविले की वर्षाला एक लाख डॉलरांहून अधिक विक्री किंवा दोनशे व्यवहार राज्यात करणाऱ्या विक्रेत्याने, त्याचे तेथे काहीही नसले तरी, कर गोळा केला पाहिजे. त्यावरून झालेल्या खटल्यात प्रतिवादी होत्या वेफेअर, ओव्हरस्टॉक आणि न्यूएग. पहिली घरसामानाची, दुसरी सर्वसाधारण मालाची. तिसरी मात्र संगणक व त्याचे सुटे भाग विकणारी, आणि स्वतःच्या हाताने संगणक जुळविणाऱ्या तरुणांची आवडती पेढी. 21 जून 2018 रोजी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल राज्याच्या बाजूने लागला. केनेडी यांनी प्रत्यक्ष अस्तित्वाची अट मुळातच चुकीची होती असे म्हटले आणि तिच्यापायी राज्यांचे वर्षाकाठी आठ ते तेहेतीस अब्ज डॉलर बुडतात या अंदाजांचा उल्लेख केला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी अल्पमतात जे लिहिले त्याचा रोख जुनी अट योग्य होती असा नव्हता. ती मोडण्याचे काम काँग्रेसचे आहे आणि हजारो करसत्तांच्या नियमांचा बोजा लहान विक्रेत्यावर पडेल, असा होता. माझ्या मते दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे, आणि पुढील वर्षांनी ते तसे दाखवूनही दिले.

निकालानंतर राज्यांनी भराभर कायदे केले, आणि जानेवारी 2023 मध्ये मिसुरी आले तेव्हा विक्रीकराची सर्व राज्ये या रांगेत आली. मर्यादा मात्र सारखी नाही : बहुतेकांनी एक लाख डॉलर ठेवली, कॅलिफोर्निया आणि टेक्सास यांनी पाच लाख, तर न्यूयॉर्कने पाच लाख डॉलर आणि शंभराहून अधिक व्यवहार अशी दुहेरी अट घातली. दोनशे व्यवहारांची कसोटी अनेकांनी पुढे काढून टाकली, कारण पाच-पाच डॉलरांच्या तारा विकणाराही तीत अडके; खुद्द साउथ डकोटानेही ती 2023 मध्ये रद्द केली. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की दुसऱ्यांचा माल आपल्या पेठेत विकू देणाऱ्या ॲमेझॉन, ईबे यांसारख्या कंपन्यांवरच त्या मालाच्या कराची जबाबदारी टाकण्यात आली. ग्राहकाच्या दृष्टीने पाहता दुकान आणि ऑनलाइन यांतील जुना भेद येथे जवळजवळ संपला. घरी मागविलेल्या संगणकावर आता घराच्या पत्त्याचा दर लागतो.

जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की राज्याच्या हद्दीतील विक्रीत कर कोणत्या गावाचा धरावयाचा याचे नियम निरनिराळे आहेत. बहुतेक राज्ये माल जेथे पोहोचतो तेथील दर लावतात. टेक्साससारखी काही राज्ये विक्रेत्याचे ठिकाण धरतात, आणि यातून एक विलक्षण प्रकार उद्भवला. डेलचे मुख्यालय ज्या राउंड रॉक गावात आहे त्याला टेक्सासभरच्या डेल-विक्रीतील स्थानिक कराचा हिस्सा मिळू लागला आणि त्या हिश्शाचा काही भाग ते गाव कराराने कंपनीलाच परत देऊ लागले. 2020 मध्ये राज्याच्या महसूल-अधिकाऱ्याने ऑनलाइन मागण्यांबाबत नियम बदलताच राउंड रॉकसह काही शहरांनी न्यायालयात धाव घेतली. कॅलिफोर्नियात क्यूपर्टिनोची गोष्ट तशीच : ॲपलची राज्यातील ऑनलाइन विक्री त्या गावात झाली असे मानून स्थानिक कर तेथे जमा होई, त्यातील पस्तीस टक्के गाव ॲपलला परत देई, आणि राज्याच्या करखात्याने लेखापरीक्षणात हरकत घेतल्यावर गावाच्या अंदाजपत्रकाला मोठे भगदाड पडले. ज्या ग्राहकाने हा कर भरला तो शेकडो मैलांवर राहतो, त्याच्या गावच्या रस्त्याला व शाळेला त्यातले काही मिळत नाही, आणि त्याच्या पैशातला वाटा विक्रेत्याच्या खिशात परत जातो; कराचा इतका उघड विपर्यास मला तरी दुसरा आठवत नाही.

किंमत म्हणजे काय, याचेही नियम आहेत आणि संगणकाच्या पावतीत ते सगळे एकत्र भेटतात. न्यूयॉर्क, टेक्सास व पेनसिल्व्हेनिया ही राज्ये तयार सॉफ्टवेअरवर, ते तबकडीवर असो की इंटरनेटवरून उतरविलेले असो, कर घेतात. कॅलिफोर्नियात तेच सॉफ्टवेअर तबकडीवर घेतल्यास करपात्र आणि तारेवरून उतरविल्यास करमुक्त ठरते. उत्पादकाने मागाहून टपालाने परत पाठवावयाची सूट हिशेबात धरली जात नाही, कर पूर्ण किमतीवर बसतो. जुना संगणक मोडीत देऊन नवा घेतला, तरी कॅलिफोर्नियात कर नव्याच्या संपूर्ण किमतीवर आकारला जातो. शिवाय 2005 पासून त्या राज्यात पडदा असलेल्या उपकरणांवर टाकाऊ विद्युत-उपकरणांच्या विल्हेवाटीचे शुल्क निराळे द्यावे लागते : लॅपटॉपला ते लागते, पडद्यावाचूनच्या नुसत्या खोक्याला लागत नाही.

ऑगस्टच्या सुमारास, शाळा उघडण्यापूर्वी, काही राज्ये करमाफीचे दोन-तीन दिवस जाहीर करतात आणि त्यांत संगणकाचा समावेश कोठे आहे, कोठे नाही. साउथ कॅरोलिनात ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारपासून बहात्तर तास संगणकावर, किंमत कितीही असो, कर माफ असतो. टेनेसी व मिसुरीत 1500 डॉलरांपर्यंत, अलाबामात 750 पर्यंत. टेक्सासच्या अशाच सवलतीत संगणक मुळी येतच नाही. मर्यादेवर एक डॉलर चढला की संपूर्ण किमतीवर कर लागतो, आणि माल त्या राज्यातील पत्त्यावर जाणार असेल तर ऑनलाइन मागणीलाही ही माफी मिळते. पेनसिल्व्हेनियाने या शतकाच्या आरंभी खास घरगुती संगणकांसाठी अशी माफी देऊन पाहिली व सोडून दिली; नॉर्थ कॅरोलिनाची 3500 डॉलरांपर्यंतची सवलत 2014 मध्ये बंद झाली. सोडून दिली ते बरेच झाले, असे मी म्हणेन. ज्याला संगणक घ्यावयाचाच आहे तो आपली खरेदी जुलैतून ऑगस्टात ढकलतो, आणि राज्य ज्या पैशावर पाणी सोडते त्यातून नवी खरेदी फारच थोडी निर्माण होते.

सीमेवरील व्यापार मात्र अजून जिवंत आहे, आणि इंटरनेटची वाट बंद झाल्यापासून तीच काय ती जुनी वाट उरली आहे. न्यू हॅम्पशरच्या नॅशुआ गावी फेझंट लेन नावाचे विक्रीसंकुल मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीला इतके खेटून आहे की वाहनतळाचा भाग त्या राज्यात पडतो, आणि इमारतीचा एक कोपरा हद्दीपलीकडे जाऊ नये म्हणून छाटून बांधलेला आहे. डेलावेअरमधील क्रिस्टियाना येथील ॲपलच्या दुकानासमोर फिलाडेल्फिया, मेरीलँड, न्यू जर्सीच्या मोटारी उभ्या असतात. उलट दिशेने, ऑरेगनच्या रहिवाशाला वॉशिंग्टन राज्यातील दुकानात ओळखपत्र दाखवून जी माफी जागच्या जागी मिळे ती 2019 पासून बंद झाली असून राज्याच्या हिश्शापुरता परतावा अर्ज करून मागावा लागतो. हद्द ओलांडून संगणक घरी नेणारा मॅसॅच्युसेट्सचा किंवा न्यू जर्सीचा नागरिक कायद्याने उपयोगकर देणे लागतो. दुकानदार त्याला तो कोठला हे विचारीत नाही, आणि तोही सांगत नाही.

साऱ्या प्रश्नाकडे एकवार पाहता 2018 च्या निकालाने जे साधले ते न्याय्यच होते. ज्या दुकानदाराने गावात जागा घेतली, माणसे नेमली, घरपट्टी भरली, त्याच्याच मालावर कर आणि दूरस्थ विक्रेत्याच्या मालावर तो नाही, ही अवस्था कोणत्याही अर्थशास्त्राने समर्थनीय नव्हती. अनेक ग्राहक दुकानात संगणक हाताळून पाहत आणि घरी जाऊन मागवीत, तेव्हा दुकानदार हा प्रतिस्पर्ध्याचा फुकट प्रदर्शक ठरत असे. परंतु समता आणताना सुलभता आणावयाची राहिली. आपल्याकडे 2017 पूर्वी राज्यांचे मूल्यवर्धित कर, केंद्रीय विक्रीकर आणि महाराष्ट्रातील जकात यांचा जो गुंता होता तो वस्तू व सेवा कराने निदान दराच्या बाबतीत सोडविला. मुंबईत घेतलेल्या किंवा बंगळुरूहून मागविलेल्या लॅपटॉपवर आज तोच अठरा टक्के कर आहे आणि तो माल जेथे वापरला जाईल त्या राज्याला पोहोचतो. आपला दर भारी आहे आणि विवरणपत्रांचा जाच इकडेही कमी नाही. तथापि बंगळुरूच्या छोट्या विक्रेत्याला दहा हजार दर ध्यानी ठेवावे लागत नाहीत. अमेरिकेत ॲमेझॉन किंवा डेल यांना हे काम सॉफ्टवेअर विकत घेऊन करता येते. तीन माणसांच्या पेढीला त्याचा खर्च नफ्यातून द्यावा लागतो. सर्व राज्यांसाठी एक मर्यादा, वस्तूंची एक व्याख्या आणि नोंदणीची एक खिडकी, एवढे काँग्रेसने करणे अगत्याचे आहे.

दरवर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातून उच्च शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना यातून घेण्यासारखे एवढेच आहे की जाहीर किमतीत आपल्या पत्त्याचा दर मिळवूनच संगणकाची तुलना करावी, आपल्या राज्यात करमाफीचे दिवस आहेत काय ते आधी पाहावे, आणि युरोपात परदेशी प्रवाशाला विमानतळावर मिळतो तसा कराचा देशव्यापी परतावा अमेरिकेत नाही हे ध्यानात ठेवावे. डेलावेअरला जाऊन आणलेला लॅपटॉप न्यू जर्सीत वापरावयाचा असेल, तर पावती जपून ठेवावी आणि विवरणपत्रातील उपयोगकराची ती दुर्लक्षित ओळ भरावी. न्यू जर्सीचा दर 6.625 टक्के आहे.